आवक क्रमांक 1 : ऑफिसचं टपाल माझ्याकडे आलं त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या साहेबांनी तिला सांगितलंय, "सोमवारपासून टपाल तुम्ही बघा." हे वाक्य इतकं साधं असतं की नाही म्हणायला कारणच सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. तिला माझा अनुभव सांगता सांगता दीड तास गेला, तरी अर्धंच सांगून झालं. म्हणून आता सगळं लिहून काढते. अजून कुणाच्या गळ्यात हे काम पडलं असेल तर उपयोगी पडेल.

आमची कंपनी प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं विकते आणि दुरुस्त करून देते. पुण्यात तीन मजली ऑफिस, 85 माणसं, त्यातली निम्मी कायम फिरतीवर. मी खरेदी विभागात. आमच्याकडे आवक-जावक 26 वर्षं एकच काका बघायचे. त्यांच्याकडे एक आवक वही होती, पण 2019 नंतर तिच्यात फारसं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना गरजच पडत नसे. कुठलं पाकीट कुणाचं, हे त्यांना पाकिटाच्या रंगावरून आणि कुरिअरच्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळायचं. 31 मे 2025 ला काका निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, समोसे झाले, दोघातिघांचे डोळे पाणावले. उद्यापासून टपालाचं काय, हे विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

जून महिना तसाच गेला. रिसेप्शनवरची मुलगी सही करून सगळं घ्यायची आणि वेळ मिळेल तसं ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची. तिचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. फोन, पाहुणे, चहा आणि शंभर खोकी एकाच बाईनं सांभाळायची म्हटल्यावर ती आणखी काय करणार?

20 जूनला दोन्ही पालख्या पुण्यात यायच्या होत्या. रस्ते बंद, त्यामुळे निम्मं ऑफिस घरून काम करत होतं. मी एका जुन्या बिलाची प्रत शोधत लेखा विभागात गेले. तिथले प्रमुख मुलीच्या प्रवेशासाठी रजेवर होते. मधल्या काळात कुणीतरी त्यांचं टेबल आवरून सगळे सुटे कागद खणात कोंबले होते. त्यात एका वकिलाची नोटीस मिळाली. आम्ही एका पुरवठादाराला दिलेला 2,36,000 रुपयांचा चेक परत गेला होता. बंद करायला काढलेल्या खात्याचा चेक चुकून दिला गेला होता, बाकी काही वाद नव्हता. पण नोटीस कलम 138 ची होती. म्हणजे ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर चेक देणाऱ्यावर फौजदारी खटला होऊ शकतो.

आमच्या वकिलांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मिळाली कधी?"

कुणाला माहीत! नोटिशीवर 4 जून लिहिलेलं, पण ती तिच्या टंकलेखनाची तारीख. पाकीट केराच्या टोपलीत गेलेलं. आवक शिक्का नाही, नोंद नाही. शेवटी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ताई, ते हिरवं कार्ड लावलेलं होतं ना, तेच का? ते वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आलं. पोस्टमन काकांनी सही मागितली तेव्हा माझ्या हाताला मेंदी होती, डाव्या हातानं सही केली मी." वटपौर्णिमा 10 जूनला होती. म्हणजे नोटीस 9 जूनची. मुदत 24 ला संपत होती आणि आम्ही 20 ला उभे होतो. त्याच संध्याकाळी आरटीजीएसनं पैसे गेले.

साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "आपल्या कंपनीची तारीख मेंदीवरून ठरते, हे काही बरं नाही." आणि मग ते वाक्य : "ताई, 1 जुलैपासून आवक तुम्ही बघा."

पहिल्या आठवड्यात मी काहीच सुधारायला गेले नाही, फक्त मोजलं. हे मला आपोआप सुचलं असं नाही. नक्की काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून मोजत बसले. पण तुम्हीही हेच करा. 1 ते 7 जुलै, सहा कामाचे दिवस, एकूण 187 वस्तू आल्या. पोस्टानं 17, कुरिअरची पाकिटं 41, ग्राहकांकडून दुरुस्तीला आलेली उपकरणं 19, कुणीतरी हस्ते आणून दिलेली 6, आणि उरलेली 104 म्हणजे लोकांची स्वतःची ऑनलाइन खरेदी. बूट, मोबाइलची कव्हरं, बाळाचे डायपर, एकदा तर अख्खी सायकल. म्हणजे ज्या कामाला सगळे 'टपाल' म्हणत होते, त्यातलं निम्म्याहून जास्त काम कंपनीचं नव्हतंच. हा आकडा साहेबांपुढे ठेवल्यावर पुढचं बोलणं सोपं गेलं.

त्याच आठवड्यात काकांचं कपाट उघडलं. आत 37 न वाटलेली पाकिटं. काही सात-आठ वर्षं जुनी. लग्नपत्रिका होत्या, त्यातल्या एका जोडप्याला आता शाळेत जाणारी मुलगी आहे. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं बँकेचं डेबिट कार्ड होतं. कुणाचातरी रक्ततपासणीचा अहवाल होता, तो बघून मात्र पोटात गोळा आला. दोन दिवस बसून फोन केले, 22 पाकिटं मालकांपर्यंत गेली. उरलेल्यांपैकी जी बंद होती, त्यांवर 'सदर व्यक्ती येथे नाही' असं लिहून, तारीख-सही करून पोस्टमन काकांकडे परत दिली. सोडून गेलेल्या माणसाचं पाकीट आलं की आता त्याच दिवशी असं करते. उघडायचं नाही, 'कधी येतील तेव्हा देऊ' म्हणून ठेवायचंही नाही.

ऑगस्टमध्ये काकांना भेटायला गेले तेव्हा त्या 37 पाकिटांबद्दल हळूच विचारलं. काका म्हणाले, "अगं, टेबलावर ठेवलं असतं तर माझं काम झालं असतं. पण माणूस जागेवर नाही तर टेबलावर कसं ठेवायचं? म्हणून कपाटात." हे ऐकून मला काकांचा राग यायचा थांबला. त्यांचं निम्मं बरोबरच होतं. टेबलावर ठेवलं म्हणजे दिलं, असं नसतं. फक्त कपाटात ठेवलं म्हणजे सांभाळलं, असंही नसतं.

असो. पुन्हा जुलैत येते.

शिक्का. आवक शिक्क्याशिवाय काही सुरूच होत नाही. वर कंपनीचं नाव, मध्ये फिरवायची तारीख, खाली 'आवक क्र.' आणि 'वेळ' अशा दोन रिकाम्या जागा. स्वतःच शाई घेणारा शिक्का 550 रुपयांना सांगितला, दोन दिवसांत देतो म्हणाले, चार दिवस लागले. आणून पहिला ठसा उमटवला तर 'अवाक क्र.'! आम्ही सगळे खरंच अवाक. दुकानदारानं पैसे न घेता बदलून दिला, पण त्यात आणखी तीन दिवस गेले. प्रूफ दाखवतात तेव्हा नीट वाचा. मी वाचलं होतं आणि तरीही सुटलं, कारण नजर नावावर आणि पत्त्यावरच होती.

वही कुठली घ्यायची यावर फार विचार केला आणि तो वाया गेला. बाजारात छापील आवक नोंदवह्या मिळतात, पण त्यात आलेल्या वस्तूचा ट्रॅकिंग क्रमांक लिहायला जागा नसते. मी 180 रुपयांच्या दोन जाड बांधणीच्या वह्या घेतल्या आणि पट्टीनं रकाने आखले : क्रमांक, तारीख आणि वेळ, कोणाकडून, कशानं आलं, ट्रॅकिंग क्रमांक, थोडक्यात विषय, कोणाला, आणि शेवटी घेणाऱ्याची सही व वेळ. हा शेवटचा रकाना मी सगळ्यांत रुंद ठेवला. आमचा एक तरुण सहकारी म्हणत होता, "ताई, एक्सेलमध्ये करा ना, वही कशाला?" एक्सेलही करते. संध्याकाळी दिवसभराचं चढवते, त्यामुळे शोधायला सोपं जातं. पण एक्सेलमध्ये सही घेता येत नाही. आणि वही घेऊन समोर उभं राहिलं की माणूस हातातलं काम ठेवून पाकिटाकडे बघतो, हा वहीचा मोठा गुण.

14 जुलै, सोमवार, सकाळी 10 वाजून 50 मिनिटं. आवक क्रमांक 1 : विजेचं बिल. थोडी निराशाच झाली.

उघडायचं काय आणि नाही काय, यावर पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. एका व्यवस्थापकांच्या नावानं आलेलं पाकीट मी उघडलं, त्यात त्यांच्या गृहकर्जाचा कागद निघाला. ते चिडले आणि त्यांचं बरोबर होतं. मग साहेबांची सही घेऊन अर्ध्या पानाचा नियम केला आणि फलकावर लावला. पाकिटावर कंपनीचं नाव किंवा नुसतं पद असेल तर मी उघडणार. माणसाचं नाव असेल तर बंद पाकीट त्याच्या हातात. 'गोपनीय' किंवा 'व्यक्तिशः' असेल तर बाहेरूनच नोंद, शिक्काही पाकिटावरच. वकील, न्यायालय, सरकारी खातं, बँक यांपैकी कुणाचं दिसलं तर उघडणं-न उघडणं बाजूला, ते तासाभरात योग्य माणसाच्या हातात गेलंच पाहिजे. तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हेही त्या कागदावर लिहिलेलं आहे. ही बदली माणसांची नावं मिळवायला मला तीन आठवडे लागले. रजेवर असताना आपलं टपाल दुसऱ्यानं घ्यावं, हे कुणालाच आवडत नाही.

आणि पाकीट फेकायचं नाही. पत्राला स्टेपल करून ठेवायचं. टपाल खात्याचा शिक्का, बारकोडचा कागद, पाठवणाऱ्याचा खरा पत्ता हे सगळं पाकिटावर असतं. स्पीड पोस्टचा तेरा अक्षरांचा क्रमांक, ज्याच्या शेवटी 'आयएन' असतं, तो हाताशी असला की वस्तू कधी पोचली ते टपाल खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. आमच्याकडे जूनमध्ये पाकीट असतं तर मेंदीची साक्ष काढावी लागली नसती.

आता पोस्टाची गोष्ट. पोस्टमन काकांनीच सुचवलं की रजिस्टर आणि स्पीड पोस्ट घ्यायला दोन माणसांचं अधिकारपत्र पोस्टात देऊन ठेवा, म्हणजे ते कुणाच्याही हातात देणार नाहीत. छान कल्पना. 22 जुलैला लेटरहेडवर पत्र, दोघींची नावं, नमुना सह्या, कंपनीचा शिक्का घेऊन गेले. त्या दिवशी सर्व्हर बंद होता आणि ज्यांच्याशी बोलायचं ते बाहेर गेले होते. पाऊण तास बसून परत. 25 ला पुन्हा गेले. ओळखपत्रांच्या प्रती हव्यात म्हणाले, त्या नेल्या होत्या. मग पोस्टातल्या बाईंनी लेटरहेडवर बोट ठेवलं : "मॅडम, हा पिनकोड आमच्या पोस्टाचा नाहीच."

खरंच नव्हता. सहा वर्षांपूर्वी आम्ही जुनं ऑफिस सोडलं, पत्ता बदलला, पण लेटरहेडवर, बिलांवर, अगदी वेबसाइटवरही जुन्या भागाचाच पिनकोड राहिला. म्हणजे इतकी वर्षं आमचं टपाल आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मग इकडे येत होतं आणि आम्ही पोस्टाला नावं ठेवत होतो. पिनकोडच्या सहा आकड्यांतले शेवटचे तीन एका विशिष्ट बटवडा पोस्टाचे असतात. पहिले तीन बरोबर असले तर पत्र पुण्यात येतं, पण पुण्यात कुठे, ते शेवटचे तीन सांगतात. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. सारख्या नावांच्या गावांत आणि वेगवेगळ्या लिप्यांतल्या पत्त्यांत अडकणारी पत्रं सुटावीत म्हणून त्यांनी आकडे आणले, आणि आम्ही नेमके आकडेच चुकवले. आज घरी जाण्याआधी तुमच्या ऑफिसच्या लेटरहेडवरचा पिनकोड एकदा तपासून बघा. विनोद नाही करत.

नवं लेटरहेड छापून 4 ऑगस्टला तिसऱ्यांदा गेले, तेव्हा काम पाच मिनिटांत झालं. पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का मागून घेतला. आता शिक्का मागायची सवयच लागलीय, किराणा दुकानातसुद्धा मागेन.

घडी बसतेय असं वाटत असताना 1 सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. बातमी आधी वाचली होती, पण आपल्या वहीशी तिचा संबंध आहे हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या 'कशानं आलं' या रकान्यात मी 'रजि.' लिहिलं की ते महत्त्वाचं, असा संकेत ठरलेला. आता सगळंच 'स्पीड'. जाहिरातीचं पत्रकही स्पीड आणि नोटीसही स्पीड. 1 ऑक्टोबरपासून नवे दर आले, 50 ग्रॅमपर्यंत स्थानिक 19 रुपये आणि बाहेरगावी 47, जीएसटी वेगळा. त्यावर 5 रुपये जादा भरून नोंदणी घेता येते, म्हणजे वस्तू त्या नावाच्या माणसाला किंवा त्यानं अधिकार दिलेल्यालाच मिळते. तसेच 5 रुपये भरून ओटीपीवर बटवडा करून घेता येतो. म्हणून हल्ली मी प्रकार बघत बसत नाही, पाठवणारा कोण ते बघते. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात 'अॅडव्होकेट' दिसलं की लाल पेन.

ओटीपीनं मात्र वैताग आणला. वस्तू ऑफिसच्या पत्त्यावर, मोबाइल नंबर आमच्या इंजिनिअरचा, इंजिनिअर चंद्रपूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, फोन गेटवर जमा. वस्तू परत. असं दोनदा झाल्यावर कंपनीसाठी मागवायच्या प्रत्येक वस्तूला रिसेप्शनवरचा मोबाइल नंबर द्यायचा, असं ठरवलं. साधी गोष्ट, पण खरेदी विभागातल्या आम्हीच ती करत नव्हतो.

दुरुस्तीला आलेल्या खोक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरा खोळंबा तिथे होता. ग्राहक काय करतात? पीएच मीटर बिघडला की हातात येईल त्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवून देतात. आत साधी चिठ्ठी नाही. कुणाचा, बिघाड काय, वॉरंटीत आहे का, काही नाही. आमचे लोक खोकं उघडून मीटर काढून घेत आणि खोकं भंगारात टाकत. मग दोन आठवड्यांनी ग्राहकाचा फोन, "आमच्या मीटरचं काय झालं?" आणि सर्व्हिस विभागात कपाटात एकसारखे दिसणारे सात मीटर. पाठवणाऱ्याचं नाव खोक्यावरच्या कागदावर होतं हो, खोकं कधीच गेलं!

आता खोकं आलं की आधी बाहेरून फोटो, कागदासह. मग सर्व्हिस विभागातला एक माणूस आल्याशिवाय उघडायचं नाही. खोक्यावरचा कागद कापून दोऱ्यानं वस्तूला बांधायचा आणि त्यावर आवक क्रमांक घालायचा. सप्टेंबरमध्ये एक काचेचा इलेक्ट्रोड तुटलेला निघाला. ग्राहक म्हणे तुमच्याकडे तुटला. पण खोक्याचा कोपरा चेपलेला, ओल लागून भुरा पडलेला, असा सही करण्याआधी काढलेला फोटो होता आणि कुरिअरच्या पावतीवर मी लिहिलं होतं : 'खोके दबलेले व ओले, आतील वस्तू तपासलेली नाही.' हे वाक्य पाठ करून ठेवा. कुरिअरचा मुलगा घाईत असतो, "मॅडम, नुसती सही करा" म्हणतो. हे लिहायला वीस सेकंद लागतात, तेवढा वेळ तो थांबतो. वाद मिटला, पैसे मिळाले नाहीत, पण शिव्याही मिळाल्या नाहीत.

लेखा विभागाला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. पहिले दोन महिने ते आवक क्रमांकाला 'ताईंचा छंद' म्हणत. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बिलांमुळे त्यांचं मत बदललं. कायद्यानं अशा पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि दिवस बिलावरच्या तारखेपासून नाही, माल स्वीकारल्यापासून मोजतात. मालाबद्दल तक्रार असेल तर ती 15 दिवसांत लेखी करावी लागते, नाहीतर माल आला तो दिवसच स्वीकाराचा. मुदत चुकली आणि त्या आर्थिक वर्षातही पैसे दिले गेले नाहीत, तर प्राप्तिकरातही त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. म्हणजे माल कुठल्या दिवशी दारात आला, याला एकदम किंमत आली. ऑक्टोबरमध्ये तेच लोक वर येऊन विचारू लागले, "ताई, या मालाच्या चलनावर शिक्का राहिलाय का?"

राहता राहिली लोकांची खासगी खरेदी. बंद करा, असं काहींचं म्हणणं. मला ते पटलं नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, सोसायटीत पार्सल घ्यायला कुणी नाही, मग माणूस ऑफिसचाच पत्ता देणार. 3,200 रुपयांचा लोखंडी रॅक रिसेप्शनच्या मागे ठेवला. खासगी खोकी वहीत घ्यायची नाहीत, रॅकवर ठेवून ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, ज्याचं त्यानं न्यायचं. दोन दिवसांत नेलं नाही तर खोकं माझ्या टेबलावर, आणि माझ्याकडून न्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर न्यायचं. हा उपाय लागू पडला. पैसे देऊन घ्यायचं काहीही रिसेप्शननं घ्यायचं नाही, हा नियम मात्र कडक. तो आम्हाला 1,199 रुपयांना पडला. 'साहेबांनी मागवलंय' म्हणत एक माणूस आला, मुलीनं पेटी कॅशमधून पैसे दिले, आत एक जुना टॉवेल. अजून एक नियम केलाय, सुदैवानं वापरावा लागलेला नाही : पाठवणारा कळत नाही, वायर दिसतेय, डाग किंवा विचित्र वास आहे, असं काही असेल तर हात लावायचा नाही, माणसं लांब करायची आणि 112 ला फोन करायचा.

खाण्याच्या वस्तूंचा नियम नव्हता. दिवाळीच्या आधी, शनिवारी, सोलापूरहून एक खोकं आलं, एका शिकाऊ मुलाच्या नावानं. मुलगा साइटवर. मी फोटो टाकला, त्यानं अंगठा दाखवला, झालं. सोमवारी सकाळी आले तर भिंतीच्या कडेनं, रॅकच्या पायावरून, लाल मुंग्यांची बारीक ओळ सरळ त्या खोक्यात गेलेली. आईनं पाठवलेले डिंकाचे लाडू. खोकं शिवलेलं होतं, कापडात, दुहेरी दोऱ्यानं, आणि वर शाईच्या पेननं मोठ्या अक्षरांत पत्ता, 'मु. पो.' सुद्धा घातलेलं. मी आणि रिसेप्शनच्या मुलीनं ते गॅलरीत नेलं, लाडू एकेक करून झाडले, नव्या डब्यात भरले. 41 पैकी 33 वाचले. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आईला सांगू नका हं, ताई." तेव्हापासून खाण्याचं खोकं दिसलं की रॅकवर नाही, एका पाण्याच्या परातीत विटेवर. आमच्या ऑफिसात ही एकच वस्तू आहे जिला विठोबासारखं विटेवर उभं करतात.

खर्चाचा हिशोब मैत्रिणीनं विचारला होता : वह्या 360, शिक्का 550, शाई 40, रॅक 3,200, आणि महत्त्वाच्या पाकिटांसाठी कुलपाची पेटी 1,450. एकूण 5,600 रुपये. माझा वेळ रोज दीड तास. पोस्टमन काका साधारण साडेअकराला येतात, कुरिअर दिवसभर. म्हणून बटवडा दोनदाच करते, साडेबाराला आणि साडेचारला. तातडीचं असेल ते मध्येच. आधी दर खोक्यामागे जिने चढत होते. गुडघ्यांनी आठवडाभरात निषेध नोंदवला.

27 डिसेंबरला काका ऑफिसात आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. सगळ्यांना भेटले, चहा झाला, मग माझ्या टेबलाशी बसून त्यांनी न विचारता वही ओढली. चष्मा लावून मागची पानं चाळायला लागले. मला उगाच परीक्षेला बसल्यासारखं झालं. रकाने, क्रमांक, लाल पेन, काही बोलले नाहीत. मग एका पानावर थांबले. सहीच्या रुंद रकान्यात दोन ओळी कोऱ्या होत्या, 23 डिसेंबरच्या.

"हे दोन कुठायत?"

मला आठवेना. त्यांच्यासमोर उठून शोधायला गेले. एक लेखा विभागात होतं, टेबलावर, कॅलेंडरखाली. दुसरं माझ्याच पर्समध्ये निघालं. एका सहकाऱ्याच्या विम्याचा कागद, 'जाताना देते' म्हणून टाकलेला, चार दिवस.